हँडहेल्ड गेमिंग कॉम्प्युटर: टेबलावरच्या एका नगापासून पाचशे नगांपर्यंत

दोन-तीन जण मिळून हँडहेल्ड बनवतात, एखादं कॉम्प्युट मॉड्युल (प्रोसेसर-रॅम बसवलेला तयार छोटा बोर्ड), पाच इंची स्क्रीन, थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी, मागे डबल टेपने चिकटवलेली बॅटरी, त्यावर लिनक्स बूट होतं, जुना एखादा गेम पळतो आणि बघणारा प्रत्येक जण विचारतो, कितीला देणार? आणि इथेच गडबड होते. कारण त्या क्षणी आपण उत्साहात एक आकडा बोलून जातो, कोणीतरी म्हणतं माझं नाव लिही, आणि बघता बघता शंभर लोकांचे पैसे खात्यात येऊन पडतात.

पैसे नक्की कुठल्या टप्प्यावर घ्यायचे या एकाच प्रश्नाभोवती मी हा सगळा लेख लिहितोय, बाकीचं सगळं त्याच्या मागे मागे येतं.

आधी पँडोराची गोष्ट, कारण ती माहीत नसेल तर पुढचं पटणार नाही. इंग्लंड-जर्मनी वगैरे ठिकाणच्या चार-पाच हौशी लोकांनी ठरवलं की आपणच एक खिशातला गेमिंग कॉम्प्युटर काढू, कीबोर्ड असलेला, उघडमीट होणारा, ४.३ इंची ८००×४८० स्क्रीन, आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ओमॅप ३५३० प्रोसेसर. ३० सप्टेंबर २००८ ला प्री-ऑर्डर उघडली, पहिली बॅच ४,००० नगांची. पहिले नग लोकांच्या हातात पडायला मे २०१० उजाडला. आणि अडकलं कुठे, तर ज्याला आपण किरकोळ समजतो तिथे, प्लास्टिकच्या बॉडीचे मोल्ड म्हणजे साचे, बोटाने सरकवायचे छोटे अॅनालॉग नब, असल्या गोष्टीत. लिनक्स तर केव्हाच चालू होतं! त्याच मंडळींपैकी जर्मनीतल्याने पुढे पायरा नावाचा तसाच हँडहेल्ड काढला, त्याची प्री-ऑर्डर २०१६ ला आणि नग निघाले २०२० च्या शेवटी.

माणसं प्रामाणिक होती, हुशार होती, म्हणून तर भीती वाटते.

आधी कागदावर: नेमकं काय बनवायचंय आणि कितीला

टीम तीनची असेल तर प्रोसेसरचा बोर्ड स्वतः करू नका, हे माझं स्पष्ट मत आहे, भांडायचं असेल तर भांडा. रॅमच्या लाईन्स मॅच करणं, सहा-आठ लेअरचा बोर्ड, पॉवर कोणत्या क्रमाने चालू व्हायची, हे सगळं शिकता येतं, पण त्यात एक वर्ष जातं आणि गिऱ्हाइकाला त्यातलं काही दिसत नाही. तयार मॉड्युल घ्या आणि आपली अक्कल बटणं, स्क्रीन, बॅटरी, आवाज यात लावा. रास्पबेरी पायचं कॉम्प्युट मॉड्युल ४ फक्त ५५×४० मिमीचं आहे आणि दोन कनेक्टरवर बसतं. पण त्याचीही दुसरी बाजू ऐका, २०२१ ते २०२३ मध्ये चिप टंचाईत हीच मॉड्युल्स मिळेनाशी झाली होती आणि ज्यांचा अख्खा धंदा त्यावर होता ते हात चोळत बसले. म्हणून मॉड्युल कुठलंही असो, त्याच जागी बसणारं दुसरं कोणाचं आहे का ते बोर्ड काढायच्या आधी बघायचं. पायराने प्रोसेसरचा बोर्ड मेन बोर्डपासून वेगळा ठेवला होता, ती कल्पना मला फार आवडते.

स्क्रीन मात्र जास्त छळते. स्वस्तातली पाच इंची पॅनल्स बहुतेक फोनसाठी बनलेली, म्हणजे उभी असतात, आपण ती आडवी वापरतो, मग चित्र फिरवायचं काम सॉफ्टवेअरवर पडतं आणि वेगवान गेममध्ये चित्र मध्येच फाटल्यासारखं दिसतं. शिवाय तो फोन बनायचा बंद झाला की पॅनलही बंद. आमच्याकडे एकदा असं झालं की पहिल्या लॉटचे दहा पॅनल मस्त चालले, दुसऱ्या लॉटचे लावले तर नुसती पांढरी स्क्रीन, दोन दिवस आम्ही आपलाच बोर्ड तपासत बसलो आणि शेवटी कळलं की आतला ड्रायव्हर आयसीच, म्हणजे स्क्रीन चालवणारी चिपच, बदललाय, चालू करायचा कोड वेगळा लागतो, वरचा मॉडेल नंबर मात्र तोच! तेव्हापासून नियम असा, पॅनल विकणाऱ्याकडून लेखी घ्यायचं की काहीही बदललं तर आधी कळवणार, आणि पूर्ण बॅचचे पॅनल अधिक दहा टक्के एकदम उचलायचे.

आता किंमत. कागद घ्या, समजा ५०० नग करायचेत. सुट्या भागांचे ९,०००, असेंब्ली १,०००, मोल्डचे ८ लाख म्हणजे नगामागे १,६००, सर्टिफिकेशनला ४ लाख धरले तर ८००, खोका-पॅकिंग २५०. झाले १२,६५०. त्यात खराब निघणारे आणि वॉरंटीत परत येणारे म्हणून ८ टक्के, म्हणजे साडेतेरा हजारांच्या पुढे गेलो. आणि आपण मित्रांना काय सांगून बसलोय, पंधरा हजार. त्यात १८ टक्के जीएसटी धरला तर हातात येतात १२,७०० च्या आसपास, म्हणजे प्रत्येक नगामागे हजारभर रुपये खिशातून! हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे वेगळे येतील, पण गणित असंच उलटं पडतं. जीएसटीचं तर सीएला विचारूनच करा, कराच्या एचएसएन कोडमध्ये कॉम्प्युटर ८४७१ मध्ये येतो आणि व्हिडिओ गेम ९५०४ मध्ये, तुमचं यंत्र कशात बसवायचं ते आपल्या मनाने ठरवू नका.

बोर्ड: दुसरी आवृत्ती ही पहिलीच समजा

टेबलावर चाललेला बोर्ड म्हणजे बॉडीत बसणारा बोर्ड नाही. दुसऱ्या आवृत्तीत हे सगळं एकदम करून घ्या: स्क्रूच्या जागा आणि सॉकेटच्या जागा बॉडीच्या डिझाइनवरून फिक्स, यूएसबी-सी सॉकेटला बोर्डाच्या आरपार जाणारे पाय, नाहीतर महिनाभरात उखडतं, आणि प्रत्येक पॉवर लाईनला व महत्त्वाच्या सिग्नलला खालच्या बाजूने एक मिमीचा टेस्ट पॉइंट, म्हणजे मोजायला पिन टेकवायची उघडी जागा. टेस्ट पॉइंट्सचं महत्त्व पुढे कळेल, तेव्हा मला दुवा द्याल.

सुट्या भागांच्या यादीत प्रत्येक ओळीला कंपनीचा पूर्ण पार्ट नंबर आणि शेजारी किमान एक पर्याय. नुसतं '१० मायक्रोफॅरड कपॅसिटर' लिहिलं की असेंब्लीवाला त्याच्याकडे पडलेला टाकणार, त्याची चूक नाही. रेझिस्टर-कपॅसिटरला पर्याय ढीगभर मिळतात, पण चार्जर आयसी, ऑडिओ आयसी, कनेक्टर यांना मिळत नाहीत, म्हणून हे पाच-सात भाग डिझाइन पक्कं व्हायच्या आधीच विकत घेऊन ठेवायचे. प्लेडेट नावाचा छोटा पिवळा कन्सोल आठवतो का, बाजूला हँडल फिरवायचं असतं तो? पॅनिक या कंपनीचा. जुलै २०२१ मध्ये त्यांनी प्री-ऑर्डर उघडली आणि वीस मिनिटांत २०,००० नग गेले. पुढच्या बॅचसाठी प्रोसेसर मागवायला गेले तर उत्तर आलं ७३० दिवस लागतील! मग वेगळी चिप घेऊन बोर्ड नव्याने काढावा लागला.

पावसाळ्याचं एक सांगून ठेवतो, कारण हे बाहेरच्या गाइडमध्ये कोणी लिहीत नाही. आयसीच्या पाकिटावर ओलाव्याची पातळी छापलेली असते, पाकीट फोडलं की ठरावीक तासात सोल्डर करायचं असतं. जुलैत ठाण्याला किंवा कोकणात पाकीट फोडून आठवडाभर उघडं ठेवलं आणि मग सोल्डरिंगच्या ओव्हनमध्ये घातलं तर आत मुरलेलं पाणी वाफ होऊन आयसी आतून तडकतो, वरून काही दिसत नाही. उघडे राहिले असतील तर आधी भाजून घ्यायचे, आणि असेंब्लीवाला हे करतो का ते विचारायचं, लाजायचं नाही.

बॉडी: खरे पैसे आणि खरा वेळ इथे जातो

थ्रीडी प्रिंटमध्ये सगळं खपून जातं, मोल्डमध्ये नाही. प्रिंटची फाइल जशीच्या तशी टूलरूममध्ये, म्हणजे मोल्ड बनवणाऱ्याकडे, नेली तर तो माणूस हसेल, चांगला असेल तर हसून समजावेल. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, दीड ते दोन मिमी. आतल्या रिब, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, भिंतीच्या निम्म्या जाडीच्या आसपास, जास्त जाड केल्या तर बाहेरून खळगा पडतो आणि तो नेमका स्क्रीनच्या शेजारी दिसतो. उभ्या भिंतींना एक-दोन अंशाचा उतार, नाहीतर भाग डायमधून, म्हणजे मोल्डमधून, सुटत नाही. खरबरीत फिनिश पाहिजे असेल तर उतार अजून वाढवा. एबीएस थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं हे टूलवाला धरतोच, पण मटेरियल मध्येच बदललंत, एबीएसचं पॉलीकार्बोनेट-एबीएस मिक्स केलंत, तर बटणांची भोकं जुळतीलच असं नाही.

क्रम असा ठेवा. प्रिंट करून हातात धरून बघा, स्वतःच्या नाही तर दहा वेगळ्या माणसांच्या हातात, लहान हाताच्या, मोठ्या हाताच्या, अर्धा तास खेळायला लावा आणि अंगठा कुठे दुखतो ते विचारा. मग व्हॅक्यूम कास्टिंग करून घ्या, सिलिकॉनच्या एका साच्यातून वीसेक भाग निघतात, तेवढे पुरतात, खऱ्या बोर्डासकट वीस नग जोडून लोकांना वापरायला द्या. यातच खरी घाण बाहेर येते. पडल्यावर बॅटरीचा कनेक्टर सुटतो, हेडफोन लावला की आवाजाचं बटण दाबलं जातं, गरम हवा बाहेर जायच्या जागेवर नेमकी बोटं येतात. आमच्या एका नगात पॉवर बटण खांद्याच्या बटणाशेजारी होतं, गेमच्या ऐन मोक्याला यंत्र बंद, आणि हे डिझाइन करणाऱ्या तिघांपैकी एकालाही सहा महिन्यांत जाणवलं नव्हतं कारण आम्हाला सवय झाली होती.

त्यानंतरच डाय. भोसरी-चाकण पट्ट्यात टूलरूम भरपूर आहेत, पण बरेचसे गाड्यांच्या पार्टवाले, त्यांना तुमचं पाचशे नगांचं काम म्हणजे चहापाण्याचं काम वाटतं, त्यामुळे ते मागे पडत जातं. तक्रार नाही करत, त्यांचंही पोट आहे. तारीख ठरवताना हे गृहीत धरा, बस. करारात दोन गोष्टी पाहिजेतच: डाय तुमच्या मालकीची, आणि किती वेळा दुरुस्ती करून देणार ते लिहिलेलं. जिथे फिटिंग घट्ट लागणार आहे तिथे डायमध्ये धातू जास्त ठेवायला सांगा, कारण डायमधला धातू कापून काढणं सोपं, परत भरणं महाग आणि भानगडीचं. पहिला शॉट, म्हणजे डायमधून काढलेला नमुना, कधीच बरोबर येत नाही, दुसरा बराच बरा येतो, तिसऱ्याला आपण खूश होतो. म्हणजे प्रत्येक फेरीला दोन-तीन आठवडे धरा.

बटणांबद्दल एकच सांगतो. धातूच्या डोमवाली बटणं टिकटिक करतात आणि मेन्यूसाठी ठीक, पण दिशेची बटणं सिलिकॉन रबराच्या पॅडवरच करा, हाताला तेच बरं लागतं, आणि रबराचा साचा प्लास्टिकच्या डायपेक्षा खूप स्वस्तात होतो, त्यामुळे दोन-तीन कडकपणा मागवून बघता येतात.

बॅटरी, इथे जोडाजोडी चालत नाही

४,००० एमएएचची एक सेल म्हणजे ३.७ व्होल्टला १४.८ वॉट-तास. यंत्र ६ वॉट खात असेल आणि मधल्या सर्किटमध्ये दहा टक्के गेले तर खेळायला मिळतात सव्वादोन तास. चार तास म्हणून जाहीर करू नका. पाऊच सेल वय झाल्यावर फुगते, तिच्या जाडीच्या दहाएक टक्के मोकळी जागा ठेवा आणि त्या जागेत स्क्रूचं टोक येणार नाही हे बघा. स्वतंत्र संरक्षण सर्किट असलेली सेल घ्या, यूएन ३८.३ या लिथियम बॅटरीच्या वाहतूक-सुरक्षा चाचणीचा रिपोर्ट मागा, तो नसेल तर विमानाने माल जाणार नाही.

आणि प्लेडेटवाल्यांचं दुसरं दुखणं ऐका. ५,००० नग तयार होऊन गोदामात पडले होते, त्यांनी सहज काही तपासले तर बॅटऱ्या इतक्या उतरलेल्या की चार्ज करूनही चालू होईनात. सगळे मलेशियातल्या कारखान्यात परत, बॅटरी नवीन, पुरवठादारही नवीन. २०२१ ला निघायचा माल एप्रिल २०२२ ला निघाला.

आपण काय करायचं? गणित. यंत्र बंद असतानाही ३०० मायक्रोअँपिअर खात असेल तर दिवसाला ७.२ एमएएच, आणि तीस टक्के चार्ज करून पाठवलेल्या बॅटरीत असतात १,२००, म्हणजे साडेपाच महिन्यांत पूर्ण रिकामी, सेल स्वतःहून उतरते ते वेगळंच. बऱ्याच चार्जर आयसीमध्ये शिप मोड असतो, बॅटरी जवळपास तोडूनच टाकतो, चार्जर लावला की जागा होतो. असा आयसी निवडा आणि पॅकिंगच्या आधी तो मोड चालू करणं ही टेस्टची शेवटची पायरी ठेवा.

कागदपत्रं

भारतात विकायचं तर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते, इलेक्ट्रॉनिक व्हिडिओ गेम अगदी सुरुवातीच्या २०१२ च्या यादीपासून सक्तीच्या नोंदणीत आहेत, बॅटरी आणि अडॅप्टरही त्यात येतात. ही नोंदणी माल बनतो त्या कारखान्याच्या नावावर होते, तुमच्या ब्रँडच्या नाही, हे लोकांना उशिरा कळतं आणि मग असेंब्लीवाला बदलला की पुन्हा पहिल्यापासून. वायफाय-ब्लूटूथ असेल तर डब्ल्यूपीसीची ईटीए (वायरलेस उपकरणांना लागणारी सरकारी मान्यता), इथे आधीच मान्यता असलेलं मॉड्युल वापरलं की काम हलकं होतं. ई-कचऱ्याची नोंदणी, खोक्यावर एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा पत्ता हेही आलंच. बाहेर पाठवणार असाल तर अमेरिकेचं एफसीसी, युरोपचं सीई वेगळं.

लॅबमध्ये थेट अंतिम चाचणीला जाऊ नका, आधी अर्धा दिवस घेऊन यंत्र किती रेडिओ लहरी बाहेर टाकतं ते नुसतं मोजून बघा. मुंबईच्या बाजूला समीर या सरकारी संस्थेची अशा चाचण्यांची ईएमसी लॅब आहे, खाजगीही आहेत. स्क्रीनची पट्टी केबल हमखास असल्या लहरी सोडते, ती आखूड करणं किंवा शिल्ड लावणं मोल्ड व्हायच्या आधी दहा रुपयांत होतं. आणि गेमचे रॉम, म्हणजे जुन्या गेमच्या कॉपी, कार्डात भरून विकू नका, तो दुसऱ्याचा माल आहे, मोकळ्या लायसनचे गेम भरपूर मिळतात.

टेस्ट जिग, आणि मग पन्नास

जिग म्हणजे एक लाकडी किंवा अॅक्रिलिकचा ठोकळा, त्यात स्प्रिंगच्या पिना, वरून बोर्ड दाबला की सगळे टेस्ट पॉइंट जोडले जातात. मग एक छोटा प्रोग्राम व्होल्टेज बघतो, करंट मोजतो, बटणांच्या लाईन तपासतो, स्पीकरवर सूर वाजवून माइकने ऐकतो, आणि सीरियल नंबरसकट नोंद ठेवतो. एका बोर्डाला दीड मिनिट. हे नसेल तर काय होतं बघा, पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीत ९७ टक्के नग बरोबर निघतात, ऐकायला छान वाटतं, पण पाच वेळा गुणलं की उरतात ८६ टक्के, म्हणजे पाचशेत सत्तर नग कुठेतरी बिघडलेले, आणि कुठल्या पायरीला बिघडले ते माहीत नाही. बॉडीत बसवून झाल्यावर कळलं तर सोळा स्क्रू उघडा, दुरुस्त करा, परत लावा, प्लास्टिकचे आटे गेले!

सॉफ्टवेअरची इमेज, म्हणजे प्रत्येक नगात भरायची फाइल, लहान ठेवा, पहिल्यांदा चालू झाल्यावर ती स्वतः पसरू दे, नाहीतर एका नगाला कॉपी करायलाच वीस मिनिटं जातात.

मग पन्नास नग काढा, खऱ्या डायमधून, खऱ्या असेंब्लीच्या लाईनवर, खऱ्या खोक्यात. आणि तिथे स्वतः जाऊन उभे राहा. जोडणाऱ्या मुली कुठे अडखळतात, कुठली केबल दोनदा लावावी लागते, ते बघून लिहून घ्या, त्यांनाच विचारा की ताई काय बदललं तर सोपं जाईल, त्या जे सांगतात ते कुठल्याही डिझाइन रिव्ह्यूत मिळत नाही. पन्नासपैकी दहा नग कुरिअरने पुण्याहून नागपूरला पाठवून परत मागवा. खोका कसा येतो ते बघा.

हे पन्नास नग हातात आले, पंचेचाळीसच्या वर पहिल्या फटक्यात पास झाले, नोंदणीचा कागद आला, आणि उरलेल्या साडेचारशेचे प्रोसेसर आणि स्क्रीन तुमच्या कपाटात आहेत, आता प्री-ऑर्डर उघडा. तोपर्यंत नाव-नंबर लिहून घ्या हवं तर, पण पैसे नको. मला माहितीये पुढचा प्रश्न काय, मग डायचे आठ लाख आणायचे कुठून? स्वतःचे, घरच्यांचे, नाहीतर असा कोणी ज्याला बुडण्याची शक्यता समजते. ते जमत नसेल तर यंत्र लहान करा. आर्डुबॉय नावाच्या हँडहेल्डने तेच केलं, आठ बिटची चिप, १२८×६४ ची काळीपांढरी स्क्रीन, क्रेडिट कार्डाएवढा आकार, फक्त सहा बटणं, आणि २०१५ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे २५,००० डॉलर मागितले होते तिथे चार लाखांच्या वर जमा झाले. करणारा माणूस शेन्झेनला जाऊन राहिला, तेही लक्षात घ्या.

माल पाठवायला लागाल तेव्हा शंभर-शंभरच्या लॉटमध्ये पाठवा, पहिल्या लॉटनंतर दोन आठवडे थांबा, परत आलेला प्रत्येक नग उघडून बघा आणि मगच दुसरा लॉट. बटणं, स्क्रीन, बॅटरी, स्क्रू यांचे पाच टक्के सुटे भाग बाजूला ठेवा. आणि प्रत्येक लॉटमधले दोन नग सीलबंद खोक्यात कपाटावर ठेवून द्या, तारीख टाकून. सहा महिन्यांनी उतरवून चार्जर लावला की चालू होतात का बघायचं.